"दोन-चार ट्रिपा झाल्या की होईल सवय": गाडीत घाबरणाऱ्या, ओकणाऱ्या, भुंकणाऱ्या कुत्र्याचं नक्की काय चाललेलं असतं

गणपती जवळ आले, नाहीतर मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या, की कुत्रं असलेल्या घरांमध्ये एकच चर्चा सुरू होते. गावी जायचंय, आठ-दहा तासांचा रस्ता, कुत्र्याला ठेवायचं कुठे, आणि बरोबर न्यायचं तर गाडीत तो जे काही करतो त्याचं काय करायचं. कुणाचा लॅब्रॅडॉर पनवेल यायच्या आतच ओकतो, कुणाची इंडी, म्हणजे आपली गावठी कुत्री, सीटखाली घुसून थरथरत बसते, कुणाचा बीगल दिसेल त्या बाइकवाल्यावर काचेतून असा काही तुटून पडतो की गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहतच नाही. आणि या सगळ्यांना सल्ला मात्र एकच मिळतो, की नेत जा रे, दोन-चार ट्रिपा झाल्या की होईल सवय.

काही कुत्र्यांना होते खरंच सवय, नाही असं नाही. पण ज्याला आधीच त्रास होतोय त्याला तसाच पुन्हा पुन्हा गाडीत घातला तर बहुतेक वेळा त्रास वाढत जातो, आणि मग एक दिवस असा येतो की तो गाडीजवळसुद्धा यायला तयार होत नाही. हे असं का होतं ते नीट कळलं की पुढे काय करायचं ते बरंचसं आपोआप सुचतं, म्हणून आधी ते बघू.

कुत्र्याला गाडी कशी वाटते

आपल्याला माहीत असतं की आपण कुठे चाललोय, किती वेळ लागेल, पुढे वळण आहे, समोरचा ट्रक हॉर्न का मारतोय. कुत्र्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्या बाजूने बघितलं तर एका छोट्या जागेत त्याला बसवलंय, पायाखालची जमीन हलतेय, मध्येच जोरात पुढे ढकलला जातोय, मध्येच डावीकडे, आणि तिथून निघून जायचा रस्ता बंद आहे.

त्यात आवाज. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपासपर्यंत. म्हणजे ब्रेकचा बारीक किंचाळणारा आवाज वगैरे आपल्याला जेमतेम जाणवतं किंवा अजिबात जाणवत नाही ते तो ऐकत असतो. एअर फ्रेशनरचा वास आपल्याला पाच मिनिटांनी जाणवेनासा होतो, त्याच्या नाकासाठी मात्र तो भपका असतो, आणि काच बंद असली की त्यातून सुटका नाही.

आणि तिसरी गोष्ट तोल. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारा एक अवयव असतो, माणसात पण आणि कुत्र्यात पण. गाडीत बसलेला कुत्रा सीटकडे बघतोय, ती त्याला स्थिर दिसते, पण कानातला तो अवयव सांगतोय की आपण वळतोय, हलतोय, वरखाली होतोय. हे दोन्ही जुळत नाहीत आणि मळमळायला लागतं. घाटात आपल्याला होतं तेच. पिल्लांना हा त्रास मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त होतो, आणि बऱ्याच जणांचा वयाप्रमाणे कमी पण होतो. सवयीचा सल्ला देणाऱ्यांनी बहुतेक अशीच पिल्लं बघितलेली असतात, त्यांना वाटतं ट्रिपांमुळे बरं झालं, खरंतर पिल्लू मोठं झालं म्हणून झालेलं असतं.

मळमळ, भीती आणि चेव

आपण सगळ्याला मिळून "गाडीत त्रास देतो" म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळे प्रॉब्लेम असतात आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. चुकीच्या प्रॉब्लेमवर बरोबर उपाय केला तरी उपयोग शून्य.

मळमळ ओळखायची तर उलटीची वाट बघू नका. कितीतरी कुत्रे ओकत नाहीत पण अख्खा रस्ता त्यांना मळमळत असतं. लाळ गळते, छातीवरचे केस ओले होतात, सारखे ओठ चाटतात, गिळल्यासारखं करतात, जांभया देतात, एरवी चिकनवर झडप घालणारा कुत्रा गाडीत चिकनकडे बघत पण नाही. आणि हे सगळं गाडी सुरू झाल्यावर काही वेळाने, वळणं किंवा ट्रॅफिक लागलं की वाढतं.

भीतीमध्ये पण ओठ चाटणं, जांभया, लाळ, धापा टाकणं हे सगळं दिसतं, म्हणून गोंधळ होतो. फरक बघायचा तो वेळेचा. आमच्या बिल्डिंगमध्ये राणी म्हणून एक गावठी कुत्री आहे, खालच्या काकूंची. ती गाडीत कधी ओकली नाही. पण काकांनी हुकावरून गाडीची किल्ली काढली, नुसता त्या किल्लीचा आवाज झाला, की तिचे कान मागे डोक्याला चिकटायचे, शेपूट पोटाखाली जायचं, आणि ती मान फिरवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची, डोळ्याचा पांढरा भाग अर्धचंद्रासारखा दिसायचा. गाडी पार्किंगमध्ये, कुत्री तिसऱ्या मजल्यावर, अजून काहीच हललं नाहीये, तरी जांभया सुरू. तोल बिघडून मळमळायला निदान गाडी हलावी तरी लागते ना. त्याच्या आधीच जे सुरू होतं ती भीती.

तिसरा प्रकार म्हणजे भुंकणारा, काचेवर पंजे मारणारा, ज्याला ट्रेनर लोक रिअॅक्टिव्ह म्हणतात. रिअॅक्टिव्ह म्हणजे एखादी गोष्ट दिसली किंवा ऐकू आली की गरजेपेक्षा खूप जास्त उसळून येणारा. याच्या मुळाशी भीती असू शकते, किंवा "मला तिकडे जायचंय आणि जाता येत नाही" ही चिडचिड असू शकते, किंवा गाडी म्हणजे बाग, बाग म्हणजे मज्जा हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की घरापासून बागेपर्यंत किंचाळणंच.

आणि हे तिन्ही एकमेकांत मिसळतात पण. लहानपणी मळमळायचं, म्हणून गाडी नकोशी झाली, मोठेपणी मळमळ गेली तरी भीती राहिली, आणि घाबरलेला असल्यामुळे बाहेर दिसेल त्यावर भुंकणं. हा क्रम खूप कॉमन आहे. म्हणून कुठलाही उपाय करायच्या आधी मागे बसलेल्या कुणाला तरी मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, किल्ली उचलल्यापासून. नंतर शांतपणे बघा पहिलं लक्षण नक्की कधी दिसलं. व्हेटला पण तोच दाखवा, कारण दवाखान्यात कुत्रा वेगळाच वागतो.

मग सवय का होत नाही?

सवय होण्यासाठी एक अट आहे. ती गोष्ट कुत्र्याला इतकी सौम्य वाटली पाहिजे की थोड्या वेळाने त्याचा मेंदू म्हणेल, हं, यात काही विशेष नाही. घरातल्या फ्रिजच्या आवाजाची सवय अशीच होते. पण गोष्ट जर सहन होण्यापलीकडची असेल तर मेंदू उलटं करतो, पुढच्या वेळी आणखी लवकर आणि आणखी जोरात धोक्याची घंटा वाजवतो. म्हणजे घाबरलेल्या अवस्थेत केलेली प्रत्येक ट्रिप ही घाबरण्याची प्रॅक्टिस असते.

जिथपर्यंत कुत्र्याला जाणवतंय पण तो अजून विचार करू शकतोय, खाऊ घेतोय, हाक मारली तर बघतोय, तिथपर्यंत तो थ्रेशोल्डच्या आत आहे. त्याच्या पुढे गेला की शिकवणं बंद, तिथे फक्त जीव वाचवणं चालू असतं. आणि ही रेघ रोज एकाच जागी नसते. गॅसवर ठेवलेल्या दुधासारखं आहे ते. सकाळी बेल वाजली, मग सोसायटीत कुणाचं तरी ड्रिलिंग चालू, मग लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा भेटला, दूध तापत चाललंय पण वरून काही दिसत नाही, आणि मग गाडीत बसल्यावर बाजूने एक बाइक गेली की भसकन उतू. आपण म्हणतो बाइकला घाबरला. पण बाइक शेवटची होती. उतू गेल्यावर फुंकर मारून काय होणार, गॅस आधीच बारीक करायला हवा होता. आणि एकदा उसळला की शरीरातलं ते सगळं खाली यायला वेळ लागतो, लगेच पाच मिनिटांनी पुन्हा ट्रेनिंग सुरू करण्यात अर्थ नसतो.

अजून एक गोष्ट जी आपण अगदी नकळत करतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी दाखवलं होतं की कुत्रा दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या की जोडतो, जेवणाआधी नेहमी एखादा आवाज ऐकवला तर नंतर नुसत्या आवाजाने लाळ सुटते. आता आपल्याकडच्या साधारण शहरातल्या कुत्र्याचा हिशेब करा. पिल्लू घरी आणलं तेव्हा आईपासून तोडून गाडीतून आणलं. मग गाडी निघाली ती इंजेक्शनसाठी. मग पुन्हा इंजेक्शनसाठी. मग ग्रूमिंगला. मग आपण ट्रिपला गेलो तेव्हा त्याला बोर्डिंगमध्ये सोडायला. त्याने गाडी कशाशी जोडली असेल? त्याच्या दृष्टीने त्याचं गणित अगदी बरोबर आहे.

ही जोडणी बदलायची कशी

1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली होती. पद्धत काय, तर मुलगा आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा, आणि तो खातोय, शांत आहे हे बघत बघत हळूहळू जवळ आणायचा. शेवटी मुलगा सशाला हात लावायला लागला. आज प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणारे डॉक्टर गाडीच्या भीतीसाठी जे करायला सांगतात ते मुळात हेच आहे. भीतीची गोष्ट अगदी कमी प्रमाणात दाखवणं याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात आणि त्याच वेळी छान काहीतरी देऊन मनातली भावना बदलणं याला काउंटर कंडिशनिंग. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, क्रम लक्षात ठेवा. आधी भीतीची गोष्ट थोडीशी, मग लगेच खाऊ. खाऊ दाखवून, फसवून गाडीत ओढून दार लावलं तर क्रम उलटा होतो आणि कुत्रा खाऊलाच घाबरायला लागतो, हे खरोखर होतं.

राणीच्या बाबतीत काकूंनी सुरुवात गाडीपासून केलीच नाही. सुरुवात किल्लीपासून. दिवसातून कधीतरी हुकावरची किल्ली काढायची, आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा, किल्ली परत हुकावर, विषय संपला. कुठे जायचं नाही. काही दिवसांनी किल्लीचा आवाज झाला की राणी किचनच्या दाराकडे बघायला लागली, आता चिकन कुठंय म्हणून. तेव्हा पार्किंग. गाडी बंद, चारी दारं उघडी, गाडीपासून जिथे ती अंग सैल सोडून उभी राहते तितक्या अंतरावर चिकन. मग थोडं जवळ. मग दाराच्या कडेवर स्टीलची वाटी, मग सीटवर वाटी. आत गेली तर जाऊ दे, बाहेर आली तर येऊ दे, ढकलायचं नाही, पट्टा ओढायचा नाही. हे बाहेर यायचं स्वातंत्र्य फार महत्त्वाचं आहे, कारण गाडीची अर्धी भीती म्हणजे अडकल्याची भीती असते.

पुढच्या पायऱ्या तुम्हाला आता दिसतच असतील. एक दार बंद, मग सगळी दारं बंद पण इंजिन बंद, मग आपण ड्रायव्हर सीटवर, मग इंजिन चालू पण गाडी जागेवर, मग गेटपर्यंत आणि परत, मग सोसायटीला एक चक्कर, मग जवळच्या एखाद्या मैदानापर्यंत, जिथे उतरून वास घेत फिरायला मिळेल. एका वेळी दोन-पाच मिनिटं पुरतात. इंजिन सुरू करणं ही बऱ्याच कुत्र्यांसाठी मोठी उडी असते, तिथे घाई करू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी इंजिन चालू करायला लावून कुत्र्याला लांबून खाऊ दिला तरी चालतं. खाऊ नाकारला, अंग आखडलं, धापा सुरू झाल्या, म्हणजे आपण एक पायरी जास्त चढलो. खाली या. कमीपणा काही नाही त्यात.

एक अट मात्र, ज्याला मळमळतं त्याच्यावर आधी मळमळीचा इलाज. नाहीतर तुम्ही खाऊ घालून घालून गाडी आवडती करणार आणि पहिल्या वळणावर पोट ढवळून सगळं पाण्यात.

आणि घरात नवीन पिल्लू असेल तर तुम्ही नशीबवान, कारण तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ असा असतो की त्यात बघितलेल्या गोष्टी पिल्लू सहज स्वीकारतं. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावर सोडता येत नाही, पण मांडीवर टॉवेलमध्ये घेऊन मागच्या सीटवर बसून छोटीशी चक्कर नक्की मारता येते.

भुंकणाऱ्याचं काय?

विचार करा, बाइक आली, कुत्रा भुंकला, बाइक गेली. बाइक जाणारच होती, पण त्याला काय कळलं? मी भुंकलो म्हणून गेली. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक टोलनाक्यावर हे होतं आणि प्रत्येक वेळी तो जिंकतो. याच्यापेक्षा भारी बक्षीस आपण देऊच शकत नाही, म्हणून नुसतं "शू, गप्प बस" करून हे थांबत नाही.

सगळ्यात लवकर फरक पडतो तो दिसणं बंद केल्याने. क्रेट, म्हणजे कुत्र्याला बसायचा पिंजरा, असेल तर त्यावर सुती चादर, हवा जाईल अशी एक बाजू उघडी ठेवून आणि एसी चालू असताना. क्रेट नसेल तर हार्नेसचा, म्हणजे छातीवर बसणाऱ्या पट्ट्याचा, बेल्ट असा लावा की त्याला खाली आडवं पडता येईल पण काचेपर्यंत तोंड जाणार नाही. काचांना काळी फिल्म लावू नका, त्यात दंड व्हायचा. आणि काच खाली करून डोकं बाहेर काढू देणं तर नकोच, रील्समध्ये कितीही गोड दिसलं तरी. डोळ्यात खडा उडतो, बाजूने घासून जाणारी बाइक असते, आणि भुंकायला सगळं जग समोर येतं.

दिसणं बंद झालं की मग शिकवणं. गाडी रस्त्याच्या कडेला, वर्दळीपासून लांब, पार्क करून बसायचं. लांबून बाइक गेली, कुत्र्याने बघितली, भुंकायच्या आत तोंडात खाऊ. थोड्या दिवसांनी तो बाइक बघून तुमच्याकडे वळून बघायला लागतो. तो क्षण दिसला की समजा रस्ता बरोबर आहे. हे काम मागे बसलेल्या माणसाने करायचं, गाडी चालवणाऱ्याने नाही, चालत्या गाडीत तर मुळीच नाही.

जो आनंदाने किंचाळतो त्याच्यासाठी उपाय जरा कंटाळवाणा आहे: गाडी काढून बागेत जाऊच नका काही दिवस. पेट्रोल भरा, परत या. भाजी आणा, परत या. गाडी म्हणजे दर वेळी पार्टी हे समीकरण मोडलं पाहिजे.

"पण लाड केले तर भीती वाढेल ना?"

हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यामुळे कितीतरी कुत्रे एकटे थरथरत बसतात. भीती ही भावना आहे, ती त्याने ठरवून केलेली नाही, त्यामुळे जवळ घेतलं म्हणून तिला बक्षीस मिळून ती वाढत नाही. त्याला तुमच्या मांडीवर डोकं ठेवून बरं वाटत असेल तर मागे बसा आणि ठेवू द्या, सावकाश हात फिरवा. काहींना हात नको असतो, नुसतं जवळ बसलेलं माणूस हवं असतं, ते ही ठीक.

वाढते ती ओरडल्याने, मारल्याने, आणि ते गळा आवळणारे किंवा शॉक देणारे पट्टे वापरल्याने. आधीच गाडी भीतीदायक, त्यात गाडीत माझ्याच माणसाकडून दुखतं पण, अशी नवी जोडणी तयार होते. कधी कधी कुत्रा गप्प होतो आणि लोकांना वाटतं बरा झाला. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतो, हे घरात लहान मुलं असणाऱ्यांनी फार गंभीरपणे घ्यावं.

"सरळ झोपेची गोळी देऊन टाकली तर?"

गोळ्यांना माझा विरोध नाही, उलट मी म्हणेन की लोक गोळीसाठी फार उशीर करतात. पण कुठली गोळी हा खरा मुद्दा आहे.

मळमळीसाठी मॅरोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचं औषध आहे, ते मेंदूतलं उलटीचं केंद्र शांत करतं आणि निघायच्या निदान दोन तास आधी द्यावं लागतं. प्रवासाच्या उलटीसाठीचा त्याचा डोस हा पोट बिघडून होणाऱ्या उलटीच्या डोसपेक्षा बराच वेगळा असतो, म्हणून मागच्या आजारपणातली उरलेली गोळी अंदाजाने देऊ नका, व्हेटला फोन करा.

भीतीसाठी व्हेट ट्रॅझोडोन, गॅबापेंटिनसारखी औषधं देतात. ही वजन, वय, किडनी-लिव्हर बघून ठरतात, आणि प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा द्यायची नसतात. आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघायची, कारण एखादा कुत्रा शांत व्हायच्या ऐवजी उलटा बेचैन होतो, आणि ते वरंधा घाटात कळण्यापेक्षा हॉलमध्ये कळलेलं बरं.

आणि गुंगी येणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असेप्रोमॅझिन नावाचं जुनं औषध अजून दिलं जातं, त्याने कुत्रा ढिला पडतो, बाहेरून शांत दिसतो, पण आतली भीती त्याने कमी होईलच असं नाही, शरीर हलवता येत नाही आणि भीती तशीच असं होऊ शकतं. व्हेटने फक्त तेच लिहून दिलं तर विचारायला लाजू नका, की डॉक्टर, याने भीती कमी होईल की नुसती झोप येईल?

माणसांच्या गोळ्या तर अजिबात नाहीत. केमिस्टला विचारून दिलेली उलटीची गोळी, घरातलं खोकल्याचं सिरप, यातलं काहीच नको. काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ते माणसाला चालतं पण कुत्र्याची साखर धोकादायक खाली आणतं. पग, शिट्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गुंगीचं औषध म्हणजे दुप्पट धोका, त्यांचा श्वास आधीच अडखळत चाललेला असतो.

फेरोमोन स्प्रे (कुत्र्यांच्या शरीरातल्या शांत करणाऱ्या गंधाची नक्कल), अंगाला घट्ट बसणारे जॅकेट, शांत संगीत यांचा काहींना थोडा उपयोग होतो, काहींना शून्य. लॅव्हेंडरच्या वासाने गाडीत कुत्रे जास्त वेळ शांत बसले असा एक अभ्यास 2006 साली बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतून आला होता. करून बघायला हरकत नाही, पण वास हलका हवा, तेल कुत्र्याच्या अंगावर किंवा तोंडात जाता कामा नये, आणि काच उघडी ठेवा.

बांधायचं कशाला, बिचारा मोकळा बसू दे की

गाडी ताशी 50 च्या वेगाने जातेय आणि धडक होऊन अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरा. त्या क्षणी आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या साधारण 20 पट जोर येतो. म्हणजे 25 किलोचा लॅब्रॅडॉर 500 किलोचा होऊन पुढच्या सीटवर आदळतो. तो पण जातो आणि पुढचा माणूस पण. ड्रायव्हरच्या मांडीवर कुत्रा आणि समोरून फुटणारी एअरबॅग हा विचार तर करवत नाही.

छातीवर बसणारं चांगलं रुंद हार्नेस, ते सीटबेल्टला अडकवायचं, जागा मागची. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही, झटका बसला तर मान जाते. किंवा घट्ट बांधलेला क्रेट. आणि याचा दुसरा फायदा म्हणजे भीतीला पण उतार पडतो, कारण वळणावर घसरत, पाय रोवत उभं राहणारा कुत्रा सतत ताणलेला असतो. सीटवर न घसरणारी जाड चटई किंवा रोजची गोधडी टाका, धुतलेली नको, त्याच्या वासाचीच.

निघायच्या दिवशी

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको, पाणी मात्र द्या. आधी चांगलं फिरवून आणा, पळवून दमवायची गरज नाही, वास घेत घेत रमतगमत फिरला की तो जास्त शांत होतो. एअर फ्रेशनर काढून डिकीत. घाटात गाडी चालवणाऱ्याने समोरच्या सीटवर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवलाय असं समजून चालवावी, ब्रेक आणि वळणं दोन्ही हळू. दीड-दोन तासांनी थांबा, आणि फूड मॉलच्या गर्दीत थांबण्यापेक्षा पुढे एखादं शांत ठिकाण बघा.

थांबल्यावर दार उघडायच्या आधी पट्टा हातात आहे ना, हे दर वेळी बघायचं. घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून हायवेवर उडी मारतो, आणि अनोळखी जागी तो तुमच्या हाकेला पण थांबत नाही. गळ्यात फोन नंबरची पट्टी हवीच.

आणि गाडीत एकट्याला ठेवून जेवायला जायचं नाही, सावलीत नाही, काच दोन बोटं उघडी ठेवून पण नाही. 2005 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं होतं की बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 डिग्री सेल्सिअसने चढतं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे बाहेर 30 असेल तर आत 50. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो, आणि घाबरलेला असेल तर त्याच्या धापा आधीच चालू असतात.

एवढा वेळ कुणाकडे आहे, गणपती पुढच्या आठवड्यात आहेत

मग या वेळी न्यायलाच हवं का, हे आधी बघा. घरी येऊन राहणारं ओळखीचं माणूस मिळालं तर कितीतरी कुत्रे आठ तासांच्या प्रवासापेक्षा तेच पसंत करतील, आणि त्यात तुम्ही प्रेम कमी करता असं काही होत नाही. न्यायलाच लागणार असेल तर आज व्हेटशी बोला, औषध घरी ट्राय करा, दिसणं बंद करायची सोय करा, आणि ट्रेनिंग परत आल्यावर सुरू करा. प्रॅक्टिसच्या ट्रिपा आणि नाइलाजाच्या ट्रिपा वेगळ्या ठेवायचा प्रयत्न करा, म्हणजे प्रॅक्टिसच्या वेळी वेगळी चादर, वेगळी बाजू, जेणेकरून एका वाईट दिवसाने सगळी मेहनत पुसली जाणार नाही.

हे सगळं नियमाने करून पण काहीच हलत नसेल, किंवा तो गाडीत तुमच्या अंगावर येत असेल, तर प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणारा व्हेट शोधा. ट्रेनर घेणार असाल तर पहिल्या भेटीत विचारा की कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. उत्तरात झटका, चोक, "बॉस कोण ते दाखवायचं" असलं काही आलं तर नको.

आणि एखादा सात-आठ वर्षांचा कुत्रा, जन्मभर आनंदाने गाडीत उडी मारणारा, अचानक दाराशी थबकायला लागला, तर ट्रेनिंग बिनिंग काही सुरू करू नका. आधी कंबर, पाठ, गुडघे आणि कान तपासून घ्या. उडी मारताना दुखत असेल किंवा कानाच्या इन्फेक्शनने तोल जात असेल, तर त्याला चिकन नको आहे, उपचार हवेत.